इन्स्टंट रिकव्हरी माउंटलाच अडते आहे : बॅकअप हिरवे, पण काट्याची व्हीएम उठत नाही

काटापावती :

नमस्कार मंडळी. एका सहकारी साखर कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. हंगाम ऐन भरात आहे आणि आज संध्याकाळी मुख्य स्टोरेजचा कंट्रोलर बसला. त्यात दुसरा कंट्रोलर नाही. सुटा भाग उद्या दुपारनंतर येईल असं सांगतायत. डोमेन कंट्रोलर (डीसी, सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर), व्हीसेंटर (सगळे होस्ट एकत्र सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर), ऊस वजनकाट्याचा डेटाबेस, शेतकी विभागाचा सर्व्हर, सगळं त्याच स्टोरेजवर होतं.

बॅकअप सर्व्हर वेगळा आहे. विंडोज, ओएस दोन एसएसडींवर आणि बॅकअपसाठी साटा डिस्कांचा रेड ६. काल रात्रीपर्यंतचे सगळे बॅकअप हिरवे. दोन्ही ईएसएक्सआय होस्ट (आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीएम, चालवणारी मशीन) चालू आहेत, आवृत्ती ७.०, आणि दुसऱ्या होस्टच्या स्थानिक एसएसडीवर जागाही आहे. म्हणून काट्याची व्हीएम थेट बॅकअपमधून उठवायला घेतली. व्हीसेंटर नाही, त्यामुळे होस्ट आयपी देऊन स्वतंत्र जोडला. तिथवर ठीक. पण एनएफएस डेटास्टोअर (नेटवर्कवरून दिसणारी साठवणीची जागा) माउंट करायच्या, म्हणजे होस्टला जोडायच्या, पायरीवर काही वेळ थांबून चूक येते : सिसइन्फो ऑपरेशन पूर्ण करता आलं नाही, व्हीएमकर्नल लॉग पाहा. लॉगमध्ये एनएफएस सर्व्हरशी जोडणी टाइमआउट, बाकी काही नाही.

बॉयलर पेटवायच्या आधी हीच व्हीएम याच होस्टवर चाचणी म्हणून उठवली होती, तेव्हा विनातक्रार उठली. त्यानंतर केबल, स्विच, आयपी काही बदललेलं नाही.

काट्यावर सध्या हाताने पावत्या फाडतायत. भरलेल्या गाडीचं वजन एका वहीत, रिकामी परत आली की दुसऱ्या वहीत, आणि केनयार्ड भरून रांग रस्त्यावर आली आहे. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकं वजन घटतं, आणि ते नुकसान थेट शेतकऱ्याचं. पूर्ण रिस्टोअर लावला तर सकाळ होईल. कुठून बघायला सुरुवात करू?

निळीकेबल :

तीन गोष्टी लगेच बघा. एक, होस्टवरून बॅकअप सर्व्हरचा २०४९ आणि १११ पोर्ट उघडतोय का. दोन, बॅकअप सर्व्हरवर विंडोजचा स्वतःचा 'सर्व्हर फॉर एनएफएस' हा रोल कुणी चालू केलाय का. तो असेल तर तेच पोर्ट धरून बसतो आणि बॅकअपवाल्या एनएफएस सर्व्हिसला जागाच मिळत नाही. तीन, होस्टवर जुना माउंट मेलेल्या अवस्थेत पडलाय का. त्याच नावाचा डेटास्टोअर आधीच्या आयपीने नोंदलेला असेल तर नवा जोडला जात नाही. एनएफएस डेटास्टोअरांची यादी काढा, 'ॲक्सेसिबल'पुढे 'फॉल्स' असेल तर तो काढून टाका.

आणि होस्टवरून नुसता पिंग करून ठरवू नका. विंडोजची फायरवॉल पिंग अडवून पोर्ट उघडा ठेवू शकते आणि उलटंही करू शकते. ईएसएक्सआयच्या शेलमध्ये नेटकॅट असतं, त्याने पोर्ट तपासा.

रॅक४२ :

काटापावती, घाई आहे हे कळतंय, तरी आतली यंत्रणा थोडक्यात सांगतो. ती डोळ्यासमोर असली की पुढचे दोन तास वाचतील.

हा इन्स्टंट रिकव्हरीचा प्रकार व्हीम (Veeam) या बॅकअप सॉफ्टवेअरच्या कंपनीने २०१० साली पाचव्या आवृत्तीत आणला, पुढे बहुतेकांनी आपापल्या पद्धतीने घेतला. व्हीएमवेअरवर तो असा चालतो. बॅकअप सर्व्हर, किंवा त्याने नेमलेला माउंट सर्व्हर, स्वतःच एक छोटा एनएफएस सर्व्हर होतो. बॅकअपच्या फाइलमध्ये दाबून ठेवलेली डिस्क तो होस्टला साध्या व्हीएमडीके (व्हीएमच्या डिस्कच्या) फाइलसारखी दाखवतो. होस्ट तो डेटास्टोअर माउंट करतो, व्हीएम नोंदवतो, चालू करतो. पाहुणी, म्हणजे व्हीएममधली, ओएस वाचायला गेली की तेवढा ब्लॉक बॅकअपमधून काढून, उलगडून पुढे दिला जातो. ओएस लिहायला गेली की ते बॅकअपमध्ये जात नाही, बाजूच्या कॅश फोल्डरमध्ये जातं. बॅकअपची फाइल फक्त वाचली जाते.

म्हणजे तुमचा रोजचा बॅकअप ज्या वाटेने जातो, ती वाट आणि ही वाट एक नाही. बॅकअप घेताना बॅकअप सर्व्हर होस्टकडे जातो. इथे होस्ट बॅकअप सर्व्हरकडे येतो, तोही व्हीएमकर्नल पोर्टवरून (होस्टच्या स्वतःच्या नेटवर्क जोडणीवरून), एनएफएस ३ ने : १११, २०४९ आणि माउंटसाठी १०५८ पासून पुढचा एखादा पोर्ट. रोजचे जॉब वर्षभर हिरवे राहतात आणि ही उलटी वाट बंद आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बॅकअपच्या अहवालात तिचा उल्लेखच नसतो.

पायऱ्या अशा : डेटास्टोअर माउंट, व्हीएमची नोंदणी, पॉवर ऑन, ओएस बूट, नेटवर्क, आणि शेवटी कायमच्या जागी स्थलांतर. तुम्ही पहिल्याच पायरीवर आहात, म्हणजे बॅकअपच्या प्रतीवर आत्ता शंका घ्यायचं कारण नाही. होस्टला एनएफएस सर्व्हर दिसत नाहीये, एवढंच यातून कळतं. निळीकेबल यांनी सांगितलेलं तपासा आणि बॅकअप सर्व्हरवर २०४९ नेमका कोणता प्रोसेस ऐकतोय तेही नेटस्टॅटने बघा.

सायबरपहारा :

मध्येच विचारतो. कंट्रोलरच गेलाय याची खात्री आहे ना? फाइलांची नावं बदललेली, खंडणीची चिठ्ठी, असलं काही नाही? रॅन्समवेअर असेल तर बॅकअपमधून उठवलेली व्हीएम थेट चालू नेटवर्कवर सोडू नका. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते.

काटापावती :

नाही सर, कंट्रोलरच. लाल दिवा आहे आणि कंपनीच्या इंजिनिअरने दूरवरून लॉग बघून तेच सांगितलं.

तपासणीचा निकाल : 'सर्व्हर फॉर एनएफएस' रोल नाही. २०४९ आणि १११ दोन्ही बॅकअपचीच सर्व्हिस ऐकतेय. होस्टवर जुना माउंट नाही. होस्टवरून नेटकॅटने २०४९ उघडत नाही, १११ ही नाही. उलट दिशेने, म्हणजे बॅकअप सर्व्हरवरून होस्टचा ४४३ लगेच उघडतो. दोघं एकाच सबनेटमध्ये, एकाच स्विचवर.

सर्व्हिस रीस्टार्ट केली, पूर्ण सर्व्हरही रीस्टार्ट केला. फरक नाही.

बॅकअपखिडकी :

दादा, एक सांगा. बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये जोडलेला आहे का? आणि स्टोरेज गेल्यानंतर तो रीस्टार्ट झाला, म्हणजे सध्या त्याला डीसी दिसतच नाही, बरोबर?

तसं असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल कोणतं दाखवतंय ते बघा. माझा अंदाज 'पब्लिक'. विंडोजला डीसीशी बोलता आलं तरच ते नेटवर्कला 'डोमेन' समजतं. बोलता आलं नाही की 'पब्लिक' धरतं आणि फायरवॉलचे नियम त्या प्रोफाइलचे लागू होतात. बऱ्याच ठिकाणी एनएफएसचे नियम फक्त डोमेन प्रोफाइलपुरते उघडलेले असतात, कधी हाताने, कधी डोमेनवरून सगळ्यांना एकदम लागू होणाऱ्या ग्रुप पॉलिसीतून. चाचणीच्या दिवशी डीसी जिवंत असतो, म्हणून सगळं चालतं. डीसी गेला आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की तेच पोर्ट बंद. यात कुणी काहीही बदलावं लागत नाही.

होस्टचा ४४३ उघडतो, कारण ती जोडणी बाहेर जाणारी आहे. आत येणारी तेवढी अडते. तुमची लक्षणं अगदी तशीच आहेत.

आत्ता करायचं ते असं : पूर्ण फायरवॉल बंद करू नका. बॅकअपच्या एनएफएस सर्व्हिसच्या प्रोग्रामला आत येण्याची परवानगी देणारा नियम करा, तिन्ही प्रोफाइलांना लागू, आणि समोरचा पत्ता म्हणून फक्त दोन होस्टांचे व्हीएमकर्नल आयपी द्या. पोर्टऐवजी प्रोग्राम म्हणते, कारण माउंटचा पोर्ट एकच ठरलेला नसतो. २०४९ उघडला, १११ उघडला आणि तिसरा राहिला की पुन्हा तोच टाइमआउट दिसतो आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

काटापावती :

ताई, 'पब्लिक'च आहे! नियम बघितले. एनएफएसचे नियम फक्त डोमेनला टिक केलेले. ही मांडणी आधीच्या ठेकेदाराची, पॉलिसीतून आलेली. प्रोग्रामचा नियम करतोय.

काटापावती :

माउंट झाला. नेटकॅटही उघडतोय. आता थेट काट्याची व्हीएम सुरू करू का?

रॅक४२ :

थांबा, आधी डीसी. काट्याचं ॲप्लिकेशन डोमेन खात्याने डेटाबेसला जोडत असेल तर डीसीशिवाय ती व्हीएम उठूनही उपयोग नाही, आणि डीएनएस बहुधा त्याच डीसीवर असणार.

डीसी उठवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. बॅकअप ॲप्लिकेशन-अवेअर पद्धतीने (आतल्या सॉफ्टवेअरला आधी कळवून) घेतलेला असेल तर डीसी पहिल्यांदा डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडमध्ये उठतो, स्वतःचं काम करतो आणि आपोआप रीस्टार्ट होतो. पडद्यावर सेफ मोड लिहिलेलं दिसेल. हात लावू नका, त्याला पुन्हा उठू द्या. कंटाळून मध्येच पॉवर ऑफ केल्याने बिघडलेले डीसी मी पाहिलेत.

दुसरं, वेळ. होस्ट वेळेसाठी त्याच डीसीकडे बघत असतील तर त्यांचं घड्याळ तपासा. डोमेनचं लॉगिन ज्यावर चालतं त्या केर्बेरॉसला ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. मग लॉगिन नाकारलं जातं आणि आपण पासवर्ड शोधत बसतो.

तुमचे पोर्ट ग्रुप साध्या व्हीस्विचवर आहेत की डिस्ट्रिब्युटेड (व्हीसेंटरने चालवलेल्या) स्विचवर? डिस्ट्रिब्युटेड असेल तर व्हीसेंटर नसताना नव्या व्हीएमला पोर्ट मिळत नाही, इफेमरल बाइंडिंगचा (व्हीसेंटरशिवाय होस्टच पोर्ट देतो असा) ग्रुप आधीच करून ठेवलेला असेल तरच मिळतो. तसं असेल तर दुसऱ्या होस्टवर एक साधा व्हीस्विच करून एक मोकळी केबल त्याला द्या.

काटापावती :

साधा व्हीस्विच आहे, नावं दोन्ही होस्टवर सारखी. डीसी सुरू केला.

हार्दिक_विंडोज :

वाचतोय. आमच्याकडेही बॅकअप सर्व्हर डोमेनमध्येच आहे. उद्या सकाळी पहिलं काम प्रोफाइल बघायचं.

काटापावती :

डीसी दोनदा उठला, तुम्ही म्हणालात तसाच, आणि आता लॉगिन होतंय. पण फार संथ. काट्याची व्हीएम पॉवर ऑन झाली, पण विंडोजची ठिपक्यांची चकती फिरतच राहते. चहा पिऊन आलो तरी तिथेच. मध्ये एकदा डीसीचा पडदाही गोठला.

स्टॅटिकआयपी :

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासा. स्टोरेजसाठी जंबो फ्रेम (मोठी पॅकेटं) लावलेल्या आहेत का? व्हीएमकर्नल पोर्ट ९००० वर आणि बॅकअप सर्व्हरचं कार्ड किंवा मधला स्विच १५०० वर असेल तर माउंट होतो, कारण माउंटचे निरोप छोटे असतात. मोठं वाचन सुरू झालं की अडकतं. व्हीएमकेपिंगला 'तुकडे करू नको' हा पर्याय द्या आणि आकार ८९७२ द्या. २८ बाइट हेडर धरून ते बरोबर ९००० होतात. ते जात नसेल आणि १४७२ जात असेल तर कारण तिथेच आहे.

काटापावती :

दोन्हीकडे १५०० आहे, १४७२ व्यवस्थित जातं.

बॅकअपखिडकी :

मग डिस्क. रात्रीचा जॉब किती वाजता लागतो? त्याच रेड ६ वर लिहितो ना?

साटाची ७२०० फेऱ्यांची एक डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते १०० विखुरलेली कामं करते. बूट होणारी विंडोज म्हणजे नुसतं विखुरलेलं वाचन. त्यात बॅकअपचा ब्लॉक साधारण १ एमबीचा धरलेला असतो, म्हणजे ओएसने ४ केबी मागितले तरी तो पूर्ण दाबलेला ब्लॉक उचलून उलगडावा लागतो. साखळीत वाढीव बॅकअप जितके जास्त, तितकं वेगवेगळ्या फाइलांत शोधत फिरणं. शिवाय कॅश फोल्डर त्याच रेड ६ वर असेल तर प्रत्येक छोट्या लेखनामागे डिस्कांवर सहा हालचाली होतात. अशा डिस्कांवर दोन व्हीएम चालत असताना तिसरं कुणी मोठं काम लावलं की सगळंच थांबतं.

म्हणून : चालू जॉब थांबवा आणि पुढचे सगळे वेळापत्रक बंद करा. ज्या व्हीएम नाहीतच त्यांचा बॅकअप तसाही फसणार, पण उरलेल्यांचे बॅकअप आणि जुन्या साखळीचं विलीनीकरण चालू असेल तर ते डिस्क खात राहतील. अँटिव्हायरसमधून बॅकअपचं फोल्डर आणि कॅशचं फोल्डर वगळा, नाहीतर प्रत्येक वाचन तो तपासत बसेल. आणि कॅश कुठे आहे ते बघा. डीसीचं सत्र आता हलवू नका, पण काट्याची व्हीएम अजून उठलेलीच नाही, तिच्यात नवीन काही लिहिलं गेलेलं नाही. तेवढं सत्र बंद करून, कॅश ओएसच्या एसएसडीवर देऊन पुन्हा सुरू करू शकता. सी ड्राइव्हवर जागा किती आहे?

काटापावती :

रात्रीचा जॉब खरंच लागला होता, शेतकीच्या फाइल सर्व्हरचा बॅकअप पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता आणि शेजारी जुन्या साखळीचं विलीनीकरण. दोन्ही थांबवले. सी ड्राइव्हवर २०० जीबीच्या वर मोकळी आहे. काट्याची कॅश तिकडे घेऊन पुन्हा लावतो.

काटापावती :

उठली. लॉगिन झालं, एसक्यूएल सुरू झाला. पण काट्याचं सॉफ्टवेअर म्हणतं, हार्डवेअर लॉक सापडत नाही.

रॅक४२ :

डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली! तो पहिल्या होस्टच्या मागे यूएसबीत लावलेला असेल आणि व्हीएम आता दुसऱ्या होस्टवर आहे. काढून दुसऱ्या होस्टला लावा. व्हीएमच्या सेटिंगमधून जुनं यूएसबी उपकरण काढा आणि नवं जोडा. चालू व्हीएमला यूएसबी जोडता येतं, बंद करायची गरज नाही.

बाकीच्या वाचकांसाठी, पॉवर ऑनलाच अडणारे आणखी काही : बंद पडलेल्या डेटास्टोअरवरची आयएसओ सीडीला जोडून राहिलेली, होस्टच्या पीसीआय कार्डाची पासथ्रू जोडणी, आणि व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन होस्टला न झेपणारं. ७.० अपडेट २ वर बनवलेली १९ व्हर्जनची व्हीएम ६.७ च्या होस्टवर उठणार नाही, तिथे १४, आणि अपडेट २ पासून १५, हीच मर्यादा. जुना होस्ट 'आणीबाणीसाठी' बाजूला ठेवणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवावं. व्हर्च्युअल टीपीएम (सुरक्षेची आभासी चिप) लावलेल्या व्हीएमची अडचण वेगळी. तिची किल्ली, किल्ल्या सांभाळणाऱ्या 'की प्रोव्हायडर'कडे असते, आणि तो व्हीसेंटरमध्येच असेल व त्याचा बॅकअप वेगळा काढून ठेवला नसेल तर ती व्हीएम सुरू होत नाही.

काटापावती :

डोंगल लावला. काटा चालू!! पहिली पावती छापली आत्ता. काट्यावरच्या क्लार्कने फोनवरून नंबर वाचून दाखवला. हाताने लिहिलेल्या नोंदी ते आता बसून भरतायत आणि नव्या गाड्या थेट मशीनवर घेतायत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आता हे सत्र रात्रीपुरतं असंच राहू देतो. उद्या कंट्रोलर आला की रिकव्हरी बंद करून मूळ व्हीएम सुरू करतो.

बॅकअपखिडकी :

नाही! कृपया हे नीट वाचा, यात शेतकऱ्यांच्या पावत्या आहेत.

आत्तापासून छापलेली प्रत्येक पावती त्या कॅश फोल्डरमध्ये आहे. मूळ स्टोरेजवर ती नाही, बॅकअपमध्येही नाही. रिकव्हरीचं सत्र 'थांबवा' म्हटलंत की माउंट सुटतो आणि कॅश पुसली जाते. संध्याकाळी बंद पडलेली मूळ व्हीएम उद्या सुरू केलीत तर तिला आज रात्रीचं एकही वजन माहीत नसेल. तुमच्या बॅकअपमध्ये त्या बटणाला काय नाव असेल ते असो, अर्थ एकच : बदल टाकून द्या.

सकाळपर्यंत हे पाळा :

बॅकअप सर्व्हर रीस्टार्ट करायचा नाही. विंडोज अपडेटचा आपोआप रीस्टार्ट बंद करा. एनएफएस गेला की होस्ट काही काळ वाट बघतो, ईएसएक्सआयमध्ये 'ऑल पाथ्स डाउन'ची मुदत १४० सेकंद आहे. त्यानंतर व्हीएमच्या वाचन-लेखनाला नकार मिळायला लागतो.

डीसी आता परत आलाय म्हणून प्रोफाइल 'डोमेन' करायला नेटवर्क कार्ड बंद-चालू करू नका. तुमचा नियम तिन्ही प्रोफाइलांना आहे, काम चालतंय, तसंच राहू द्या.

सी ड्राइव्हची जागा दर थोड्या वेळाने बघत राहा. पावत्या छोट्या असतात, पण एसक्यूएलचा टेम्पडीबी आणि विंडोजची पेजफाइलही तिथेच लिहितात. कॅशचा ड्राइव्ह भरला की व्हीएम थांबते.

आणि आत्ताच काट्याच्या डेटाबेसचा एसक्यूएलमधून साधा बॅकअप काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा. दर तासाला काढा.

काटापावती :

बरं झालं विचारलं. एसक्यूएल बॅकअप लावला, माझ्याच लॅपटॉपवर घेतोय. मग कायमचं हलवायचं कसं? व्हीसेंटर नाही.

रॅक४२ :

स्टोरेज व्हीमोशन (चालू व्हीएमच्या डिस्क दुसऱ्या जागी हलवणं) व्हीसेंटरशिवाय होत नाही, आणि इसेन्शियल्स प्लससारख्या छोट्या परवान्यात ते मुळात नव्हतंच. पण बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं स्थलांतर असतं. ते आधी बॅकअपमधला मोठा भाग नव्या डेटास्टोअरवर कॉपी करतं, मग व्हीएम थोडा वेळ थांबवून कॅशमधला फरक नेतं आणि नव्या जागी सुरू करतं. दुसऱ्या होस्टच्या स्थानिक एसएसडीवर घ्या. मूळ स्टोरेजची वाट बघू नका. कंट्रोलर बदलल्यावर व्हॉल्यूम जसेच्या तसे येतील हे कोणी लिहून दिलेलं नाही.

थांबण्याची वेळ मिनिटांची असते, पण ती तुम्ही ठरवा. पाळी बदलताना काट्यावर गाड्या कमी असतात ना? कॉपी आधी लावा, शेवटचा टप्पा तेव्हा येईल असं बघा. आधी काटा, डीसी नंतर. दोन्ही एकदम लावलेत तर त्या साटा डिस्का पुन्हा गुदमरतील.

पणजीचा_पाऊस :

गोव्यातून. आम्ही गेल्या वर्षी व्हीएमवेअर सोडून प्रॉक्समॉक्सवर आलो, ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ताबा घेतल्यावर परवान्याचं गणित बसेना. तिकडे याला लाइव्ह रिस्टोअर म्हणतात, ६.४ आवृत्तीपासून आहे. फरक असा की व्हीएम सुरू झाल्याबरोबर मागे कॉपीही चालू असते. लागेल तो ब्लॉक आधी आणि बाकीचे क्रमाने, त्यामुळे वेगळं स्थलांतर करावं लागत नाही. पण ताईंनी सांगितलेला धोका तिथेही तसाच : कॉपी पूर्ण व्हायच्या आत रिस्टोअर फसला तर मधल्या काळात लिहिलेलं जातं. डेटाबेस असेल तर बाजूला डंप काढत राहणं तिकडेही सुटत नाही.

काटापावती :

सकाळची खबर. काट्याची व्हीएम एसएसडीवर आली. शेवटचा टप्पा पहाटे पाळी बदलताना घेतला, त्या वेळात तीन ट्रॅक्टर थांबले, एवढंच. हलवायच्या आधी शेवटचा पावती क्रमांक आणि त्या पाळीचं एकूण वजन कागदावर लिहून घेतलं होतं. हलवल्यावर दोन्ही जुळले. मग हातपावत्यांच्या वह्यांशीही ताळा केला, स्लिपबॉयकडच्या प्रतीसकट. एकही पावती कमी नाही. डीसीही हलला. आता व्हीसेंटर आणि शेतकी साध्या रिस्टोअरने येतायत, त्यांची घाई नाही.

हंगाम संपेपर्यंत काटा त्याच एसएसडीवर ठेवणार, मूळ स्टोरेजवर परत नेणार नाही. बॅकअप सर्व्हर डोमेनमधून बाहेर काढायचं म्हणतोय. त्यात काही अडेल का?

बॅकअपखिडकी :

काढाच. वर्कग्रुपमध्ये ठेवणंच योग्य, सुरक्षेच्या दृष्टीनेही. डोमेनचा ॲडमिन ज्याच्या हाती लागला त्याच्या हाती बॅकअपही लागू नये. आधी स्थानिक ॲडमिन खातं चालतंय याची खात्री करा, मग बाहेर काढा. होस्ट आणि व्हीसेंटरचे पत्ते त्या सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहा, म्हणजे डीएनएस मेला तरी नावं सुटतील. जॉबमध्ये डोमेन खात्याचे पासवर्ड साठवलेले असतील ते तसेच चालतात, फक्त नावाआधी डोमेन लिहिलेलं आहे ना ते बघा. नवा फायरवॉल नियम तसाच ठेवा. वर्कग्रुपमध्ये प्रोफाइल 'प्रायव्हेट' किंवा 'पब्लिक' असतं, 'डोमेन' कधीच नसतं.

होस्टांचे रूट पासवर्ड आणि हा स्थानिक पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि पाकीट चीफ अकाउंटंटच्या तिजोरीत ठेवा. पासवर्ड साठवणारं सॉफ्टवेअर त्याच स्टोरेजवरच्या व्हीएममध्ये असलेली कार्यालयं आहेत.

निळीकेबल :

आणि पुढची चाचणी घ्याल तेव्हा डीसी बंद ठेवून घ्या. निदान बॅकअप सर्व्हरची त्याच्याकडे जाणारी वाट अडवा, बॅकअप सर्व्हर रीस्टार्ट करा, आणि मग काट्याची व्हीएम वेगळ्या, बाहेर न जोडलेल्या नेटवर्कवर उठवा. एसक्यूएल सुरू होऊन जुनी पावती उघडेपर्यंत चाचणी पूर्ण धरू नका. डोंगलसाठी यूएसबी नेटवर्कवरून देणारा छोटा डबा मिळतो. तो घेतला तर व्हीएम कोणत्याही होस्टवर उठो, लॉक तिच्या मागोमाग येतो.

काटापावती :

डब्याची मागणी खरेदी विभागाकडे आजच देतो. डीसीशिवायची चाचणी मिल बंद झाल्यावर, ओव्हरहॉलिंगच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा काटा रिकामा असतो. जे काही निघेल ते याच धाग्यावर लिहितो.